क्वीनमध्ये गाणं नक्की कुणाचं असायचं?

क्वीन या इंग्लिश रॉक बँडचं नाव काढलं की आपल्याकडे गाडी लगेच पाचगणीकडे वळते, आणि ते साहजिकच आहे, कारण झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ ला एका पारशी घरात जन्मलेला फारोख बुलसारा आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला आला, तिथेच त्याचा फ्रेडी झाला (पुढे क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी), तिथेच पियानो शिकला आणि तिथेच पोरांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. मी जेव्हा जेव्हा टेबललँडवर जातो तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट येते, की इथल्या त्या शाळकरी बँडमध्ये फ्रेडी मेन सिंगर नव्हता, गायचा दुसराच मुलगा आणि हा मागे पियानो बडवायचा. म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याला मागून आधार देणं हे त्याला स्टार होण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, आणि क्वीन समजून घ्यायचा असेल तर माझ्या मते सुरुवात इथूनच करायला पाहिजे.

कारण क्वीन म्हणजे फ्रेडी आणि त्याच्या मागे वाजवणारे तीन जण, असं बहुतेकांना वाटतं. २०१८ च्या 'बोहेमियन रॅप्सडी' सिनेमानंतर तर ते जास्तच पक्कं झालं. पण या बँडमध्ये चौघंही गाणी लिहायचे, आणि चौघांनीही जगभर गाजलेली गाणी लिहिलीत. 'वी विल रॉक यू' फ्रेडीचं नाही, ते गिटारवाल्या ब्रायन मेचं. 'रेडिओ गा गा' ड्रमर रॉजर टेलरचं. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आणि 'आय वाँट टू ब्रेक फ्री' ही दोन्ही बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनची, जो रेकॉर्डवर मुख्य गायक म्हणून कधी गायलाच नाही. आणि 'बोहेमियन रॅप्सडी', 'वी आर द चॅम्पियन्स', 'समबडी टू लव्ह' ही फ्रेडीची.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं वाटेल. आपल्याकडे गाणं म्हटलं की गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा, अशी आपली सवय आहे. रॉक बँडमध्ये गाणं 'लिहिणं' म्हणजे शब्दही तुझे, चालही तुझी. मग स्टुडिओत बाकीचे आपापली वाद्यं घेऊन त्यात भर घालतात, कधी कधी गाण्याचं अख्खं रूप बदलतात, पण रेकॉर्डवर कंसात नाव छापलं जातं ते लिहिणाऱ्याचंच. आणि पैशाचंही तसंच असतं. रेकॉर्ड विकली की त्यात दोन वेगळे हिस्से असतात, एक ती रेकॉर्ड वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचा, तो बँडमध्ये वाटला जातो, आणि दुसरा ते गाणं लिहिणाऱ्याचा, तो फक्त ज्याचं नाव कंसात आहे त्याला. म्हणजे चौघांनी सारखीच मेहनत केली तरी ज्याचं गाणं सिंगल म्हणून, म्हणजे स्वतंत्र तबकडीवर, निघालं त्याच्या घरी जास्त पैसे, वर्षानुवर्षं. क्वीनमधली निम्मी भांडणं या एका कंसातल्या नावावरून झालीत असं म्हटलं तरी चालेल.

मुळात ही चार पोरं एकत्र आली तीच मोठ्या अजब मिश्रणाने. ब्रायन मे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये फिजिक्स शिकत होता. गिटार विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून १९६३ मध्ये त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच गिटार बनवायला घेतली, मान बनवली जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून, मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा लावल्या, पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. दोन वर्षं लागली. तीच गिटार तो आजही वाजवतो, प्लेक्ट्रमच्या (तारा छेडायच्या पट्टीच्या) जागी सहा पेन्सचं नाणं वापरून! रॉजर टेलर डेंटिस्ट व्हायला लंडनला आला होता, मग ते सोडून बायॉलॉजीकडे गेला. या दोघांचा 'स्माइल' नावाचा बँड होता, त्याचा गायक १९७० मध्ये सोडून गेला आणि त्या जागी आला ईलिंगच्या आर्ट कॉलेजमधून ग्राफिक डिझाइन शिकलेला फ्रेडी, ज्याचं कुटुंब १९६४ मध्ये झांझिबारमधल्या क्रांतीत सगळं मागे टाकून इंग्लंडला आलं होतं. बँडचं नाव क्वीन त्याने ठेवलं, बोधचिन्ह त्यानेच काढलं, चौघांच्या राशी घेऊन, दोन सिंह म्हणजे रॉजर आणि जॉन, खेकडा म्हणजे कर्क राशीचा ब्रायन, आणि कन्या राशीच्या स्वतःसाठी दोन पऱ्या. जॉन डीकन १९७१ मध्ये आला. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री, बोलणं कमी. रस्त्याकडेच्या कचऱ्यात सापडलेल्या एका सर्किट बोर्डवरून त्याने छोटासा ॲम्प्लिफायर बनवला आणि ब्रायनने पुढे कितीतरी रेकॉर्डवर एकट्या गिटारचा वाद्यवृंद केलाय तो त्याच ॲम्प्लिफायरमधून.

पहिला अल्बम १९७३ चा, तो फार चालला नाही. 'किलर क्वीन' १९७४ च्या शेवटी इंग्लंडमध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, लोक ओळखायला लागले, तरी खिशात दमडी नव्हती. करार असे होते की गाणी हिट होऊनही पोरांना आठवड्याला पगार मिळायचा. १९७५ मध्ये ते करार तोडून बाहेर पडले तेव्हा पुढचा अल्बम चालला नसता तर बँड संपलाच होता.

त्या अल्बममध्ये 'बोहेमियन रॅप्सडी' आहे. त्यातला मधला ऑपेरासारखा भाग कसा झाला ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ऐकताना वाटतं शंभरएक माणसं गातायत, पण गाणारे तीनच आहेत, मधला आवाज फ्रेडीचा, खालचा ब्रायनचा, आणि वरचा, अगदी आभाळाला भिडणारा तो रॉजरचा. टेपवर तेव्हा चोवीस ट्रॅक असायचे, म्हणजे चोवीस रिकाम्या पट्ट्या समजा, प्रत्येकीवर एक आवाज. तिघं एका माइकसमोर उभे राहून एक ओळ गायचे, मग तीच ओळ दुसऱ्या पट्टीवर परत, मग तिसऱ्या, असं करत पट्ट्या संपल्या की त्या सगळ्या मिळून एका-दोन पट्ट्यांवर उतरवायच्या आणि बाकीच्या पुसून परत मोकळ्या करायच्या, जसं चार कळश्या एका हंड्यात ओतून कळश्या परत नळाखाली लावाव्यात तसं. असं १८० च्या घरात वेळा केलं गेलं असं सांगतात. फ्रेडी रोज येऊन अजून एक 'गॅलिलिओ' वाढवायचा आणि प्रोड्युसर रॉय थॉमस बेकर अजून टेप जोडायचा. आणि टेप मशीनवरून इतक्या वेळा घासली गेली की तिच्यावरचा चुंबकीय थर झिजून गेला, उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागलं! म्हणजे ते गाणं पुरं होईपर्यंत ती टेप टिकली हेच नशीब.

गाणं फ्रेडीचं, एकट्याचं, कंसात नावही त्याचंच. पण रॉजरचा तो वरचा सूर काढून टाका, मधला ब्रायनचा गिटारचा तुकडा काढून टाका, काय राहतं? ३१ ऑक्टोबर १९७५ ला ते बाहेर आलं, जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर कोण लावणार असं सगळे म्हणत होते आणि ते इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे एक नंबरला राहिलं.

आता कंसातल्या नावाची गंमत बघा. तेव्हा सिंगल म्हणजे छोटी तबकडी, एका बाजूला हिट गाणं, मागच्या बाजूला दुसरं कुठलं तरी. तबकडी एकच विकली जाते, त्यामुळे मागच्या गाण्याच्या लेखकालाही पुढच्या गाण्याच्या लेखकाइतकेच विक्रीचे पैसे मिळतात. 'बोहेमियन रॅप्सडी'च्या मागच्या बाजूला रॉजरचं 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' होतं. ते तिथे यावं म्हणून रॉजर कपाटात जाऊन बसला होता असा किस्सा बँडवाले स्वतः सांगतात. लाखो लोकांनी तबकडी घेतली फ्रेडीच्या गाण्यासाठी आणि तेवढेच पैसे रॉजरला मिळाले. यावरून पुढे बरीच वर्षं कुरबुर चालू होती आणि ब्रायन तर मुलाखतींमध्ये हे उघडपणे बोललाय.

पण याच स्पर्धेने त्यांच्याकडून गाणी काढून घेतली असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक जण अल्बमच्या आधी आपापली गाणी घेऊन यायचा, त्यातली निवडायची चौघांनी, आणि निवडल्यावर बाकीचे तिघं त्या गाण्याला सोडायचे नाहीत. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' घेऊन जॉन आला तेव्हा रॉजरला ते रॉकच वाटत नव्हतं, तरी जॉनला हवा तसा कोरडा, ठोकल्यासारखा आवाज यावा म्हणून त्याने ड्रममध्ये पांघरुणं कोंबली आणि वाजवलं, फ्रेडीने घसा फुटेपर्यंत गायलं, आणि १९८० मध्ये ते अमेरिकेत तीन आठवडे एक नंबर. सिंगल म्हणून काढा असा आग्रह मायकल जॅक्सनने केला होता. 'रेडिओ गा गा'चंही तेच, रॉजरने लिहिलं आणि तो स्कीइंगला निघून गेला, मागे फ्रेडीने ते उघडून परत जुळवलं, आणि नाव तरी रॉजरचंच राहिलं. फ्रेडीचं 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह', जे त्याला म्युनिकच्या हॉटेलात आंघोळ करताना सुचलं, त्यात ब्रायनने आपली लाडकी घरची गिटार बाजूला ठेवून रॉजरची टेलिकास्टर वाजवली, कारण गाण्याला जुन्या रॉक अँड रोलचा आवाज हवा होता.

आता सोलोकडे येऊ. सिनेमात असं दाखवलंय की फ्रेडीने एकट्याचा करार करून बाकीच्यांचा घात केला, बँड तुटला आणि मग लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कार्यक्रमासाठी सगळे परत एकत्र आले. हे खरं नाही. क्वीनमधला पहिला सोलो अल्बम रॉजरचा होता, 'फन इन स्पेस', १९८१ चा. १९८३ मध्ये ब्रायनने गिटारवाल्या एडी व्हॅन हेलनला बोलवून 'स्टार फ्लीट प्रोजेक्ट' केलं. रॉजरचा दुसरा 'स्ट्रेंज फ्रंटियर' १९८४ मध्ये. फ्रेडीचा 'मिस्टर बॅड गाय' आला त्यानंतर, एप्रिल १९८५ मध्ये. आणि बँड तुटलेला वगैरे नव्हता, १९८४ मध्ये अल्बम निघाला होता आणि मे १९८५ पर्यंत ते दौऱ्यावर होते, म्हणजे १३ जुलैच्या लाइव्ह एडला वेम्बलीत ती वीस-एकवीस मिनिटं त्यांनी गाजवली ती काही वर्षांनी भेटून नाही, तयारीतच होते ते. दमलेले होते, एकमेकांना कंटाळलेले होते आणि १९८४ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन वाजवल्यामुळे त्यांच्यावर मोठी टीकाही झाली होती, जी मला रास्त वाटते. पण घात वगैरे कुणी केला नव्हता. फ्रेडीवर हा आरोप सिनेमाने कायमचा चिकटवला याचं मला फार वाईट वाटतं, तो उत्तर द्यायला नाही म्हणून जास्तच.

'मिस्टर बॅड गाय' म्युनिकमध्ये झाला, स्टुडिओतले उत्तम वादक, भरपूर सिंथेसायझर, आणि सगळं फ्रेडी म्हणेल तसं. रेकॉर्डच्या कव्हरवर त्याने ब्रायन, रॉजर आणि जॉन यांचे आभार मानलेत, मध्ये न पडल्याबद्दल. इंग्लंडमध्ये सहाव्या नंबरपर्यंत गेला अल्बम, वाईट अजिबात नाही, आवाज तर काय, तो तोच. पण ऐकताना जाणवतं की कुणी मध्ये पडलेलंच नाही. गाणं चांगलं सुरू होतं आणि जिथे एखादी गिटार वाकडी घुसून त्याला दुसरीकडे नेईल असं वाटतं तिथे काहीच घुसत नाही.

उलट 'बार्सिलोना' ऐका. ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाये ही त्याची दैवतच, १९८३ मध्ये लंडनला तिला ऐकून तो वेडा झाला होता, १९८७ मध्ये भेटला, आणि माइक मोरानबरोबर गाणी तयार करून १९८८ मध्ये दोघांचा अल्बम आला. तोपर्यंत त्याला एचआयव्हीचं निदान झालेलं होतं. हा त्याचा सगळ्यात मोठा सोलो आहे असं मी मानतो आणि त्याचं कारण सरळ आहे, समोर त्याच्या तोडीचं माणूस उभं होतं. ती सूर लावते आणि त्याला वर चढावंच लागतं.

रॉजरने १९८७ मध्ये 'द क्रॉस' नावाचा वेगळा बँडच काढला आणि त्यात ड्रम सोडून पुढे उभा राहून गायला लागला, गिटार वाजवायला लागला. तीन अल्बम केले, फार चालले नाहीत. जॉनने सोलो अल्बम काढलाच नाही, 'द इमॉर्टल्स' नावाने १९८६ मध्ये एका सिनेमासाठी एक गाणं, बस्स. ब्रायनचा मोठा सोलो अल्बम 'बॅक टू द लाइट' १९९२ मध्ये आला, त्यात 'टू मच लव्ह विल किल यू' हे त्याचं सगळ्यात आतून आलेलं गाणं, त्याने दोन मित्रांबरोबर लिहिलेलं. आणि हो, ज्या पीएचडीला त्याने १९७४ मध्ये बँडसाठी रामराम केला होता ती त्याने २००७ मध्ये पुरी केली, ग्रहमालेतल्या धुळीवर, साठीत.

१९८९ चा 'द मिरॅकल' करताना चौघांनी ठरवलं की आता कंसात एकच नाव, क्वीन. कुणीही लिहिलेलं असो, पैसे चौघांत सारखे. म्हणजे सिंगल कुठलं काढायचं यावर बोलताना कुणाच्या खिशाचा विचार करायचं कारणच उरलं नाही. हे आधीच करायला हवं होतं असं ते नंतर म्हणाले. तोपर्यंत फ्रेडी आजारी आहे हे तिघांना कळलेलं होतं आणि त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नाही. २३ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडीने एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी गेला, पंचेचाळीसाव्या वर्षी.

त्याच्यानंतरचं थोडक्यात सांगतो. जॉन १९९७ मध्ये थांबला, पूर्णपणे, ना मुलाखत ना स्टेज. ब्रायन आणि रॉजर आधी पॉल रॉजर्स या गायकाबरोबर आणि मग २०११ पासून ॲडम लॅम्बर्ट या गायकाबरोबर दौरे करत राहिले.

पण मला सांगायचंय ते १९९५ च्या 'मेड इन हेवन'बद्दल, फ्रेडी गेल्यानंतर चार वर्षांनी आलेल्या अल्बमबद्दल. यातली गाणी कुठून आली ते बघा. दोन गाणी फ्रेडीच्या 'मिस्टर बॅड गाय'मधली, 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' आणि 'मेड इन हेवन'. 'हेवन फॉर एव्हरीवन' रॉजरच्या 'द क्रॉस'चं, ज्यात फ्रेडी पाहुणा म्हणून गाऊन गेला होता. आणि ब्रायनचं 'टू मच लव्ह', जे फ्रेडीने 'द मिरॅकल'च्या वेळी गाऊन ठेवलं होतं पण हक्कांच्या भानगडीमुळे तेव्हा बाहेर आलंच नव्हतं. यातल्या बऱ्याच गाण्यांत तिघांनी फ्रेडीचा जुना आवाज तेवढा ठेवला आणि मागचं पुन्हा वाजवलं.

हेडफोन लावून 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू'ची दोन्ही व्हर्जन्स एकामागून एक ऐका, आधी १९८५ चं, मग १९९५ चं. पहिल्यात मागे टकटक करणारा डिस्कोसारखा ठेका आणि सिंथेसायझर, आवाज एकटाच पुढे धावतोय. दुसऱ्यात तोच आवाज, तेच शब्द, श्वास घ्यायच्या जागाही त्याच, पण खाली रॉजर खरे ड्रम हाणतोय, जॉनचा बेस जमीन धरून आहे आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत ब्रायनची गिटार येऊन त्याला उत्तर देतेय. त्या जागा फ्रेडीने दहा वर्षांपूर्वी रिकाम्या सोडल्या होत्या. मी पहिल्यांदा असं ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो.

आणि त्याच अल्बमवर 'मदर लव्ह' आहे, ब्रायन आणि फ्रेडीने मिळून लिहिलेलं, मे १९९१ मधलं, स्वित्झर्लंडच्या माँट्रोच्या स्टुडिओतलं. फ्रेडीला तेव्हा नीट उभंही राहवत नव्हतं, ब्रायन दोन-दोन ओळी लिहून द्यायचा आणि तो जाऊन गायचा. शेवटच्या कडव्यापर्यंत आले तेव्हा तो म्हणाला आज दमलोय, थोडा आराम करतो, परत आलो की पुरं करतो. ते कडवं ब्रायनने गायलंय.